बरं, आता खरं सांग

मेश्राम काकांनी आयुष्यात कुणाचंही पहिलं उत्तर खरं मानलं नाही. तुम्हाला काय सांगायचं ते सांगा. ते पूर्ण ऐकून घेणार, मान हलवणार, "बरं" म्हणणार, खिशातला रुमाल काढून मिशी पुसणार, आणि मग अगदी शांतपणे म्हणणार, "आता खरं सांग."

आमच्या आवारात हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकलं ते दूधवाल्या साहूनं. काका रोज सकाळी त्याच्या मापात बोट बुडवत, वर धरत आणि थेंब नखावरून कसा ओघळतो ते डोळे बारीक करून बघत.

"पानी नइ मिलाय हंव, कका. किरिया खाथंव," साहू शपथ घ्यायचा.

"बरं. अब सच बता."

असं कितीतरी महिने चाललं. एक दिवस भर उन्हात साहूची सायकल पंक्चर झाली, तो वैतागलेला होता, आणि काकांनी बोट पुढे केलं. साहू ओरडलाच, "हव, मिलाथंव! थोकिन मिलाथंव! अब का करहू, फाँसी देहू?"

काका खूश. बोट पुसलं, दूध घेतलं, आणि त्या दिवसापासून मापात बोट घालणं बंद. मी विचारलं तर म्हणाले, "आता मले माहीत आहे ना पाणी आहे म्हणून. मंग रोज बोट कायले भिजवू?"

रायपूरच्या चौबे कॉलोनीत एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहतो. बंगल्याच्या गॅरेजवर एक सुटी खोली आहे, तिच्यापुढं गच्ची. काका रिटायर झाल्यावर त्या खोलीत आले. एकटेच. बायको वारलेली, मुलगी चंद्रपूरला दिलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी दाराला आधीच्या कुलपाशेजारी दुसरं कुलूप लावलं आणि जिना उतरून पुन्हा वर जाऊन दोन्ही ओढून पाहिली. मग मी नळावर दिसले.

"पोरी, काय करते?"

"सिलतऱ्याला एका कारखान्याच्या ऑफिसात अकाउंट्स बघते."

"शिक्षण?"

"बीकॉम."

"बरं. आता खरं सांग."

माझं डोकं फिरलं. माझे बाबा उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये हेल्पर म्हणून लागले आणि हेल्पर म्हणूनच बाहेर पडले. आईला सही करायला मी शिकवलं. आमच्या दोन्हीकडच्या नात्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हा कोण कुठला माणूस माझ्या डिग्रीवर शंका घेतो? मी घरात गेले, पेटीतून डिग्री काढली आणि त्यांच्या हातात दिली. कुणाला वाटलं असतं की आता हा माणूस ओशाळेल. काकांनी ती उन्हात धरून पाठीमागून पाहिली, शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "सगळ्यात कमी मार्क कायमध्ये?"

"स्टॅटिस्टिक्समध्ये."

"हां. आता बसलं." डिग्री परत करताना मात्र त्यांनी ती दोन्ही हातांनी दिली. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'बीकॉम'. नावानं त्यांनी मला कधीच हाक मारली नाही. "ए बीकॉम, घड्याळात किती वाजले?" असं विचारायचे. त्यांच्या मनगटावर घड्याळ असायचं. मी खरं सांगते का, ते बघायचं असायचं.

काका फौजेत मेडिकलला हवालदार होते. डॉक्टर नाही, कंपाउंडरही नाही. ते स्वतःच म्हणत, "मी नाव पुकारणारा माणूस." अफसर व्हायला, जवान व्हायला देशभरातून पोरं येत. त्यांची तपासणी होई त्या खोलीच्या दारात काकांचं स्टूल. नाव पुकारायचं, उंची घ्यायची, काट्यावर उभं करायचं, छाती मोजायची, पुढच्या खोलीत पाठवायचं. नोकरीचा जन्म त्या दारात गेला आणि त्या दारात सगळेच काही ना काही लपवून येत. कुणी वजन कमी पडतं म्हणून केळी खाऊन वर लोटाभर पाणी पिऊन यायचा आणि काट्यावर उभं राहून पोट आवळून धरायचा. कुणी वाकड्या पायाला मोजा दुमडून घालायचा. एकानं रंग ओळखायचं पुस्तक पाठ केलं होतं, पानोपान. डॉक्टरनं मधलंच पान आधी उघडलं तर तो रडायलाच लागला.

"आन रडता रडता काय म्हणते माहीत आहे? म्हणे, सर, हे पान तर नंतर येते!" हे सांगताना काका हसायचे, पण लगेच गंभीर व्हायचे. "पोट्टा खराब नव्हता. खोटं मात्र पाठ होतं."

असल्या नोकरीनं माणूस जसा होईल तसे ते झाले होते. दाराकडं पाठ करून बसत नसत. विहारात भोजनदानाला गेले तर वाढणाऱ्यानं आधी घास घेतल्याशिवाय स्वतः घेत नसत. टीव्हीवर उद्या पाऊस म्हणाले की छत्री घरी ठेवत. घरातसुद्धा इस्त्रीची पँट आणि कॅनव्हासचे बूट. दाराच्या चौकटीवर खडूनं उंचीच्या रेघा मारलेल्या. कारण रविवारी त्यांच्याकडं पोरं यायची. कोचिंग क्लासवाले लेखी परीक्षेची, मुलाखतीची तयारी करून घेतात, पण नंतरची मेडिकल कशी असते हे कुणी सांगत नाही. तर सैनिकी अकादमीत जायची स्वप्नं असलेली पोरं काकांकडं यायची. भिलाईची, धमतरीची, एकदा तर जगदलपूरहून रात्रभर बसनं आलेला एक.

काकांची रीत ठरलेली. पोरानं पाण्यानं भरलेली बादली घ्यायची आणि जिना चढून गच्चीवर यायचं. वर आलं की काका त्या पोराकडं पाठ करून उभे राहत आणि विचारत, "हां, आता तुझ्या घरून रायपूरपर्यंत कोणकोणती गावं लागतात, सांग." पोरगा गावं सांगायचा. काका गावं ऐकत नसत, गावांच्या मधला दम ऐकत.

"तोंड पाहिलं का माणूस फसते," ते म्हणत. "म्हणून मी पाठ करतो."

याचा ते एक पैसा घेत नसत, आणि कॉलोनीला खरी शंका तिथंच होती. फुकट काहून करते हा माणूस? याची आत सेटिंग असली पाहिजे. कुणी म्हणे निवड झाल्यावर घेतो. मला काकांबद्दल आदर होता असं मी इथं लिहिणार नाही, कारण तेव्हा नव्हता. मीही पाळत ठेवून होते. रविवारी गच्चीवर कपडे वाळत घालायला मला फार वेळ लागायचा.

अशाच एका रविवारी एक ठेकेदार मुलाला घेऊन आला. मिठाईचा डबा पुढं ठेवला, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "सर, लड़के का वजन ज़्यादा है. अंदर अपनी कुछ सेटिंग है क्या?"

माझ्या हातात ओली चादर होती. मी ती पिळतच राहिले.

"हव, है," काका म्हणाले.

ठेकेदाराचा चेहरा उजळला. "कहाँ से होगी?"

"यहीं से." काकांनी जिना दाखवला. "रोज़ सुबह, बाल्टी लेके. आप भी आना, आपको भी ज़रूरत है." आणि डबा उचलून त्याच्याच हातात परत ठेवत म्हणाले, "ये पहले दिन से बंद."

म्हणजे सेटिंग नव्हती. निदान त्या दिवशी तरी नव्हती, असं मी तेव्हा मनात म्हटलं.

आता माझ्या बहिणीचं सांगते, कारण काकांचं खरं चित्र तिच्याशिवाय होत नाही.

समीक्षा माझ्याहून बरीच लहान. तिचा जन्म उरल्याचा. आमची खोली कारखान्यांच्या मधोमध होती. सकाळी पाण्याच्या मडक्यावरचं झाकण काढलं की बोट काळं व्हायचं, वाळत घातलेली पांढरी कुर्ती संध्याकाळी राखाडी. समू चालायला लागली तीच खोकत. पावसाळा संपला की छातीत मांजर बसल्यासारखा आवाज यायचा. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, दमा आहे, आणि पंप लिहून दिला. आमच्या रांगेत निम्म्या घरांत तसाच पंप होता. ती शाळेत जाऊ लागली तेव्हा आम्ही चौबे कॉलोनीत आलो, बाबा इथून सायकलनं कामावर जाऊ लागले, आणि हळूहळू पंप सुटला. नंतर कधी लागला नाही. पोरगी शाळेत धावण्यात पहिली येऊ लागली. मुलींनाही आता अकादमीत घेतात हे तिनं दहावीत कुठंसं वाचलं आणि मग घरात दुसरं बोलणं नाही. बारावीत तिनं लेखी परीक्षा दिली, पास झाली, भोपाळला मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखतीत निवड झाली की तिथूनच मेडिकलला पाठवतात. आणि ज्याला कधी दमा झालेला आहे त्याला फौज बहुतेक घेत नाही, हे समूनं इंटरनेटवर वाचून आम्हाला सांगितलं.

त्या दिवशी आईनं ठरवून टाकलं. जुना पंप कधीच फेकलेला होता. उरल्याच्या डॉक्टरच्या चिठ्ठ्या कुठं ठेवल्याच नव्हत्या. "कोणाले माहीत आहे? कोणालेच नाही. तोंडातून शब्द काढायचा नाही कोणी. आन त्या मेश्रामसमोर तं मुळीच नाही," आई म्हणाली. "त्याले वास येते."

आता आमच्या आईची गंमत. आमच्या घरात देवधर्म नाही, बाबा विहाराच्या कमिटीत. पण रायपूरकडं शरद पौर्णिमेला, म्हणजे आपल्या कोजागिरीला, दम्याच्या औषधाची खीर देतात. रात्रभर चांदण्यात ठेवलेली खीर, त्यात जडीबुटी, पहाटे रांग लावून घ्यायची आणि उपाशीपोटी खायची. समूच्या लहानपणी आई दर वर्षी पदर डोक्यावरून ओढून, विहारातलं कुणी भेटू नये म्हणून लांबच्या रस्त्यानं त्या रांगेत जायची. समू बरी झाली तरी आईची खीर सुटली नाही. "बंद केली आन उलटली मंग?" हे तिचं उत्तर. आणि आणलेली खीर टाकायची नाही, म्हणून उरलेली ती वाटीवाटीनं शेजारी द्यायची. कोजागिरीची खीर म्हणून. लोक खायचे, थोडी कडू लागते म्हणायचे.

त्या वर्षी बोलावण्याच्या आनंदात आईनं वाटी उचलली ती थेट काकांच्या जिन्याकडं. पोरीचं वजन, दात, नजर एकदा काकांनी बघावी, असं तिच्या मनात होतं. दम्याचं लपवायचं होतं आणि हातात दम्याचीच खीर होती, हे तिच्या लक्षातच आलं नाही. मी मागून हाक मारेपर्यंत ती वर पोचली होती. मी धावत गेले. समू दात घासत होती, तीही ब्रश तोंडात धरून मागोमाग.

"जय भीम, काका. कोजागिरीची खीर."

काकांनी वाटी घेतली. वास घेतला. "कोजागिरीले दूध असते. खीर काहून?"

"असंच जी. फायद्याची असते."

"कायच्या फायद्याची?"

"तब्येतीच्या."

काकांनी बोटाचं टोक खिरीला लावून जिभेवर ठेवलं. "कडू काय आहे?"

"वेलची असंल."

"बरं." रुमाल निघाला, मिशी पुसली गेली. "आता खरं सांगा, रामटेके बाई. घरात दमा कोणाले आहे?"

आईचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता. "कोणालेच नाही," ती म्हणाली.

समूनं कठड्यावरून थुंकून तोंड मोकळं केलं. "मुझे था, काका. बचपन में. अब नहीं है."

"मुकाट राय तू!" आई किंचाळली. वाटी तिथंच राहिली. आई जिना उतरली ती रडतच.

त्यानंतर आमच्या घरात भीती बसली. आईला वाटे, हा माणूस फौजेला कळवणार. याचे तिकडं ओळखीचे असणार. रात्री काकांच्या खोलीत दिवा दिसला की ती म्हणायची, "पाह्य, लिहून राहिला." शेवटी मी वर गेले. शिकलेली मी, विचारायचं मीच.

"काका, तुम्ही कुणाला सांगणार आहात का? स्पष्ट सांगा."

काका स्टुलावर बसून बूट पांढरे करत होते. "मी काहून सांगू? मी आता कोण आहे तिथला?" मग ब्रश खाली ठेवला. "बीकॉम, तू शिकली आहे. मले एक सांग. उरल्याच्या त्या डॉक्टरनं तिले मशीनमध्ये फुंकायले लावलं होतं?"

"नाही."

"छातीचा फोटो?"

"नाही. कान लावून ऐकलं आणि पंप दिला."

"आन शेजारच्या पोरालेही तोच पंप?"

"हो."

"मंग दमाच होता कशावरून? धूर असंल. धूळ असंल." मला एकदम हलकं वाटलं, तोच ते पुढं म्हणाले, "आन आता नाही कशावरून? ती म्हणते म्हणून? ती तं सतरा वर्षांची आहे, तिले वर्दी पाहिजे. मले त्या डॉक्टरचाही भरवसा नाही, तुह्या मायचाही नाही, तुह्या बहिणीचाही नाही. मी डॉक्टर नाही. छातीच्या मोठ्या डॉक्टरकडे ने, फुंकव, पळव, पुन्हा फुंकव. मंग बोलू."

आम्ही नेलं. समूनं नळीत फुंकलं, फिरत्या पट्ट्यावर पळाली, पुन्हा फुंकलं, औषध हुंगून पुन्हा फुंकलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आज हिच्या फुप्फुसात दम्याची काही खूण नाही. लहानपणी काय होतं ते मी आज सांगू शकत नाही. रिपोर्ट मी काकांना दाखवला. त्यांनी तो उन्हात धरला.

"मशीन चालू होतं?"

"काका!"

"इचारलं फक्त."

खरा वाद त्यानंतर झाला. मेडिकलला एक कागद भरून द्यावा लागतो: आधी कोणते आजार झाले, पंप कधी घेतला का, खाली सही. आईचं म्हणणं, आता रिपोर्ट चांगला आहे, मग जुनं उकरायचं कायले? 'नाही' लिही आणि मोकळी हो. यावेळी आई स्वतः जिना चढली आणि तिनं काकांना विचारलं, "लिहिलं तं काढतील का नाही तिले?"

"हव. बहुतेक काढतील," काका म्हणाले.

"मंग तुम्ही लिहाले काहून सांगून राहिले?"

काका म्हणाले, "माह्या दारातून एक पोट्टा गेला होता. त्याचा दम मले ऐकू आला होता. मी नाव पुकारणारा, मी कोणाले बोललो नाही. त्यानं 'नाही' लिहिलं होतं, डॉक्टरच्या खोलीत त्या दिवशी त्याची छाती साफ होती. घेतला. पुढं ट्रेनिंगमध्ये डोंगरावरच्या दौडीत तो बसला खाली. एकटा नाही बसला. त्याच्यासोबतचे दोघे त्याले उचलायले थांबले. तिघंही दौडीत नापास. तो घरी गेला, ठीक आहे, त्याचं खोटं होतं. त्या दोघायचं काय होतं?"

आई म्हणाली, "माह्या पोरीले दमा नाही."

"नसंल तं लिहून सिद्ध करू द्या. असंल तं दोघायले वाचवू द्या."

समू कठड्यावर बसून पाय हलवत होती. तिनं विचारलं, "काका, आप मेरी जगह होते तो लिखते?"

सगळे त्यांच्याकडं बघत होते. हाच माणूस आयुष्यभर दुसऱ्यांना खरं सांग म्हणत आला होता. काकांनी रुमाल काढला, मिशी पुसली. "तुह्या वयात? नसतं लिहिलं," ते म्हणाले. "भेलो असतो."

मला वाटतं समूनं त्याच क्षणी ठरवलं. कुणी मोठं माणूस आपल्याशी इतकं सरळ बोललं की त्या वयात उलटं वागणं अवघड जातं.

भोपाळला तिची निवड झाली. मेडिकलच्या कागदावर तिनं लिहिलं: लहानपणी श्वासाचा त्रास होता, दमा सांगितला होता, पंप घेतला, शाळेत गेल्यावर सुटला, आता काही नाही. आणि तिला काढलं. अनफिट. कारण एका ओळीचं, दम्याचा इतिहास. तिनं फोनवर सांगितलं तेव्हा आवाज कोरडा होता. "दीदी, लिख दिया था. निकाल दिया."

आईनं काकांच्या जिन्याकडची खिडकी बंद केली आणि पुढं दोरीनं बांधून टाकली. मी त्यांना जिन्यातच गाठलं. "तुमच्या खरेपणाची किंमत माझ्या बहिणीनं भरली," मी म्हणाले. माझ्या मनात तेव्हा एकच संशय होता, की या माणसाला समू नकोच होती तिथं. याला फक्त आपलं वाक्य खरं करायचं होतं. काकांनी ऐकून घेतलं. 'बरं'ही म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, "अपील असते. मुदत जाऊ देऊ नको."

अपील पुण्याच्या मोठ्या मिलिटरी हॉस्पिटलात होतं. समू आणि मी निघालो. बाबांना बरं नव्हतं, आई तर काही बोलतच नव्हती. स्टेशनवर काका उभे. इस्त्रीची पँट, पांढरे बूट, हातात पिशवी.

"तुम्ही कुठं?"

"पुण्याले. मले पाहायचं आहे त्यायची मशीन तरी चालू आहे का नाही."

हॉस्पिटलच्या गेटवर एक कोवळा संत्री होता. समूचे कागद त्यानं पाहिले, माझे पाहिले, मग काकांचं माजी सैनिकाचं कार्ड पाहिलं. "अंकल, आप इनके कौन?"

"पड़ोसी."

"पड़ोसी अलाउड नहीं है. सिर्फ़ घरवाले."

समू कानात म्हणाली, "काका, चाचा बोल दो ना. कौन पूछेगा?"

"हा इचारून राहिला ना," काका म्हणाले. संत्र्यानं पुन्हा विचारलं, "रिश्तेदार हो या नहीं? ठीक से बताओ." काका पुन्हा म्हणाले, "पड़ोसी." त्यानं कार्ड उलटसुलट करून उन्हात धरलं आणि तिसऱ्यांदा तेच विचारलं. काकांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. "बराबर इचारून राहिला पोट्टा," ते मला म्हणाले आणि समोरच्या झाडाखाली टॉवेल घालून बसले. दिवसभर. आमचं दोन दिवस काम चाललं, दोन्ही दिवस ते तिथंच. मी मधून बाहेर आले की विचारायचे, "फुंकलं?" मी 'हो' म्हणायची. ते म्हणायचे, "बरं." पुढचं वाक्य मात्र नाही. मीच वाट बघत राहायची.

तिथल्या बोर्डानं समूला पुन्हा फुंकायला लावलं, पळवलं, अनेक प्रश्न विचारले. लहानपणी दमा होता की धूर, याचा निकाल त्यांनीही दिला नाही. आज नाही, एवढंच लिहिलं. फिट. समू गेटबाहेर पळत आली आणि रस्त्यातच ओरडली, "काका, फ़िट!"

काका उठले. गुडघे झाडले. "कागद दाखव."

तिनं दाखवला. त्यांनी उन्हात धरला. मग घडी घालून दोन्ही हातांनी तिला परत दिला, माझी डिग्री दिली होती तसाच.

उन्हाळ्याच्या शेवटी समू अकादमीत गेली. आईनं काकांना काही म्हटलं नाही. आमची आई आभार मानणाऱ्यांतली नाही, आणि झालेला राग ती सहज सोडत नाही. खिडकीची दोरी मात्र कधीतरी सुटलेली मला दिसली.

काकांना मी नीट शेवटचं पाहिलं ते त्यानंतरच्या कोजागिरीला. दिवाळीआधी ते मुलीकडं चंद्रपूरला जायचे होते, कायमचे. खोलीत पेट्या बांधलेल्या, चौकटीवरच्या खडूच्या रेघा तेवढ्या राहिलेल्या. त्या वर्षी आई रांगेत गेली नव्हती. तिनं घरीच खीर केली होती. सकाळी तिनं वाटी घेतली, पदर सारखा केला आणि जिना चढू लागली. मी मागं होते.

काका स्टुलावर बसले होते. तोंड दाराकडं. आईनं वाटी पुढं धरली. काकांनी घेतली, सवयीनं नाकाशी नेली. हात खिशाकडं गेला, रुमालाकडं.

आई घाईनं म्हणाली, "खरं सांगते जी, यात काही नाही. तांदूळ, दूध, साखर..."

"इचारलं काय मी?" काका म्हणाले आणि खाऊ लागले. आईनं आधी घास घेतला की नाही, हेही त्यांनी पाहिलं नाही. संपल्यावर ज्या बोटानं ते साहूचं दूध तपासायचे, त्याच बोटानं त्यांनी वाटी पुसून घेतली.